'नो-स्यू' हा शब्द कुणाचा ट्रेडमार्क असू शकतो का? माझ्या लिस्टिंग काढल्यात

लोकरवेडी
मंडळी, जरा तातडीचं आहे. मी क्रोशाच्या बाहुल्यांचे पॅटर्न पीडीएफ करून ऑनलाइन विकते. परवा साइटवरून मेल आला की ट्रेडमार्कची तक्रार आलीये म्हणून अमुक लिस्टिंग काढल्या. सगळ्यांत कॉमन काय, तर टायटलमधलं 'नो-स्यू'. एका डिझायनरचं म्हणणं आहे की तो शब्द तिचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात बाहुलीचे हात-पाय वेगळे विणून शेवटी सुईदोऱ्याने जोडत नाहीत, हाताची चपटी कड अंगाच्या फेरीला लावायची आणि दोन्ही थरांतून क्रोशाची सुई घालून मुका खांब (क्रोशाचा साधा टाका) घ्यायचा की हात तिथेच पक्का बसतो. म्हणजे ही करायची पद्धत झाली ना, एका बाईचा ब्रँड कसा होईल? आणि घेणारे सर्चमध्ये हेच टाइप करतात, शब्द काढला तर माझे पॅटर्न कुणाला सापडणारच नाहीत. टायटल बदलून गप्प बसू का? कोर्टबिर्ट झालं तर माझ्याच्याने झेपणार नाही.

मुका_खांब
ताई, घाबरू नका आणि लगेच काही कबूल करून बसू नका. आधी नोंदणी खरंच आहे का ते बघा. नावापुढे टीएम कुणीही लावू शकतं, त्याला काही लागत नाही, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच लावता येतो. डब्ल्यूआयपीओ म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटना, तिचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, तिथे शब्द टाका आणि तीन गोष्टी बघा: कुठल्या देशात, कुठल्या क्लासमध्ये, आणि अर्ज आहे की नोंदणी. क्लास म्हणजे माल नि सेवांचे गट, एकूण ४५ असतात, डाउनलोड करायच्या फाइल ९ मध्ये येतात, छापील पॅटर्न १६ मध्ये, खेळणी २८ मध्ये. आणि पुष्कळदा नोंदणी असते ती लोगोची, म्हणजे अक्षरांच्या त्या विशिष्ट चित्राची, आणि लोक मात्र सगळा शब्दच आपला म्हणून मेल पाठवत सुटतात.

पानोपानी
आमच्या लिहिण्याच्या धंद्यात अगदी हेच झालंय म्हणून लिहितोय. २०१८ मध्ये अमेरिकेत एका रोमान्स लेखिकेने 'कॉकी' या रोजच्या वापरातल्या शब्दावर आपल्या पुस्तकमालिकेसाठी ट्रेडमार्क मिळवला आणि इतर लेखकांना मेल केले की पुस्तकांची नावं बदला. काहींची पुस्तकं विक्रीतून गेलीसुद्धा, काहींनी भीतीने कव्हरं बदलली. पण बाकीचे एकत्र आले, ऑथर्स गिल्ड या तिथल्या लेखक-संघटनेने साथ दिली, कोर्टाने तिला मनाई हुकूम द्यायला नकार दिला आणि त्याच वर्षी तिने ट्रेडमार्क सोडून दिला. म्हणजे नोंदणी झाली म्हणजे विषय संपला असं नसतं, आणि एकट्या माणसाने चूपचाप नाव बदललं की समोरच्याचा दावा आणखी पक्का दिसतो. मला याचा फार संताप येतो, कारण शब्द सगळ्यांनी मिळून रुळवलेला असतो.

फेरी_मोजा
पानोपानी, तुमचं पटतंय पण ताईंचा धंदा आज बंद आहे त्याचं काय? साइटवाले कायदा बघत बसत नाहीत, तक्रार आली की काढतात. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, कॉपीराइटच्या तक्रारीला अमेरिकन कायद्यात काउंटर नोटीस म्हणजे 'तक्रार चुकीची आहे' असं उलट कळवायची सोय आहे, ट्रेडमार्कला तशी ठरलेली वाट नाही, बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्यानेच मागे घ्यावी लागते. म्हणून मी म्हणते की टायटलमधून तात्पुरता काढा, आत वर्णनात 'हात-पाय विणतानाच जोडले जातात' असं लिहा, आणि लढाई बाजूला चालू ठेवा. साइटला उत्तर देताना एवढंच लिहायचं की शब्द पद्धत सांगायला वापरलाय, दुकानाचं नाव म्हणून नाही. हा फरक बहुतेक देशांच्या कायद्यात मानतात.

मुका_खांब
हो, तात्पुरता काढायला हरकत नाही, पण लेखी माफीबिफी अजिबात देऊ नका. आणि नुसतं 'हा शब्द कॉमन आहे' म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. 'यो-यो'चं बघा ना, अमेरिकेत डंकन कंपनीचा ट्रेडमार्क होता, १९६५ मध्ये कोर्टाने म्हटलं की हे त्या खेळण्याचंच नाव आहे, आणि गेला तो. उलट कुणी स्वतः नवं नाव घडवलं असेल, जसं चित्रकलेत ठरावीक नक्ष्या काढत जायच्या पद्धतीचं 'झेंटँगल', तर ते त्यांचं असणं मला रास्त वाटतं, बाकीच्यांना डूडल म्हणायला कुणी अडवलेलं नाही. 'नो-स्यू' तसं घडवलेलं नावच नाहीये.

लोकरवेडी
शोधलं! अमेरिकेतला अर्ज आहे, नोंदणी झालेलीच नाही अजून! हरकत घेण्यासाठी प्रसिद्धसुद्धा झालेला नाही. म्हणजे नसलेल्या हक्कावर माझ्या लिस्टिंग काढल्या?

मुका_खांब
मग हेच साइटला कळवा, अर्ज क्रमांक आणि स्क्रीनशॉट लावून. आणि अर्जावर लक्ष ठेवा, अमेरिकेत प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला ३० दिवसच मिळतात (युरोपियन युनियनमध्ये ३ महिने, भारतात ४). त्याआधी लेटर ऑफ प्रोटेस्ट (नोंदणी देऊ नका असं सांगणारं पत्र) पाठवता येतं, पुरावे थेट ट्रेडमार्क ऑफिसकडे जातात. ते लगेच तयार करा.

लोकरवेडी
आजच बसते. कुणाकडे तिच्या अर्जाच्या आधीचे 'नो-स्यू' लिहिलेले पॅटर्न, मासिकं, ब्लॉग असतील तर तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट इथे टाका प्लीज, कुठल्याही डिझायनरचे चालतील.