तांबेरा-प्रतिकारक गहू : रोपावस्थेतील चाचणी पुरेशी आहे का?

प्रश्न : खोडावरील तांबेऱ्यासाठी (बुरशीमुळे होणारा रोग) गव्हाचे वाण तपासताना, रोपावस्थेतच रोगाला बळी पडलेला वाण लगेच बाद करावा, की त्याला शेतातील चाचणीपर्यंत न्यावे?

प्रतिसाद १ : कृपया लगेच बाद करू नये. एसआर-२ सारख्या, या रोगाला प्रतिकार देणाऱ्या जनुकाचा परिणाम रोपावस्थेत जवळजवळ दिसत नाही. तो प्रौढ झाडावर, रोगाची वाढ मंदावण्यातून जाणवतो, आणि माझ्या मते असाच प्रतिकार अधिक मोलाचा आहे, कारण तो दीर्घकाळ टिकतो. शेतात रोग पसरावा म्हणून 'आग्रा लोकल'सारख्या रोगग्राही (रोगाला सहज बळी पडणाऱ्या) वाणाच्या ओळी मध्ये पेरून त्यांवर बुरशीचे बीजाणू फवारावेत आणि नोंदी ठरावीक अंतराने घ्याव्यात.

प्रतिसाद २ : सहमत आहे, मात्र ठिकाणही महत्त्वाचे आहे. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या युजी-९९ या तांबेऱ्याच्या बुरशीच्या प्रकारासमोर एसआर-३१ हे जनुक निष्प्रभ ठरले, म्हणूनच केनियातील न्जोरो येथे भारतासह अनेक देशांचे वाण तपासले जातात. आपल्याकडे महाबळेश्वरलाही गव्हाच्या तांबेऱ्यावरील संशोधन केंद्र आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नोंदीत रोगाच्या टक्केवारीबरोबर तांबेऱ्याच्या पुटकुळ्यांचा प्रकारही लिहावा का?

प्रतिसाद १ : अवश्य लिहावा. दोन वाणांवर ४० टक्केच रोग दिसला, तरी ज्याच्या पुटकुळ्या लहान आहेत आणि भोवतालची ऊती मृत झालेली आहे, तो वाण प्रतिकार करत असतो.