एडिनबर्गहून थेट डॉर्नॉकला जाणं योग्य ठरेल का? लिंक्सवर खेळलेल्यांचा सल्ला हवा आहे

जुळे_सोलापूरकर

राम राम मंडळी. मुलगी एडिनबर्गला शिकते आहे. जूनमध्ये मी आणि सौ. दहा-बारा दिवसांसाठी तिच्याकडे निघालो आहोत. माझा टेरी टॉवेलचा धंदा आहे. गोल्फचा नाद चाळिशीनंतर लागला. कामानिमित्त पुण्याला जाणं होतं तेव्हा तिथे खेळतो, हँडीकॅप २० (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण वीस जास्त लागतात). समुद्रकाठच्या वाळूवरचं अस्सल लिंक्स मैदान मात्र अजून पायाखाली आलेलं नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या रॉयल डॉर्नॉक या मैदानाबद्दल वाचून वाचून ते डोक्यात पक्कं बसलंय. मुलगी म्हणते, "बाबा, एवढ्या वर कशाला? इथून अर्ध्या तासावर चांगली मैदानं आहेत." नकाशा उघडून बसलो. एडिनबर्ग ते इन्व्हर्नेस म्हणजे आपलं सोलापूर-पुणे, आणि पुढे डॉर्नॉकपर्यंत आणखी एक सोलापूर-पंढरपूर. म्हणजे मोजक्या दिवसांतले दोन रस्त्यातच जाणार. खर्च वेगळा, आणि सौ. खेळत नाहीत.

मला तीन गोष्टी सांगा. त्या मैदानात खरंच वेगळं काही आहे का, की मी नावाच्या मागे चाललोय? वीस हँडीकॅपवाल्याला ते झेपेल का? आणि न खेळणाऱ्या माणसाने तिथे काय करायचं?

येरवडा_अठरा

स्पष्टच लिहितो, मुलीचं ऐका.

नॉर्थ बेरिकला जा. एडिनबर्गच्या वेव्हर्ली स्टेशनवरून लोकल गाडीने जेमतेम अर्धा तास, आणि उतरून चालत मैदान. तिथला क्लब १८३२ चा आहे. तेराव्या होलला ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अगदी पुढ्यात दगडी कुंपण आहे, ते ओलांडूनच चेंडू टाकावा लागतो. पंधरावा होल म्हणजे रेडान. ग्रीन तिरकं, मागच्या बाजूला उतरतं आणि अलीकडे खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. त्या एका होलची नक्कल जगभरच्या मैदानांवर केलेली आहे. खेळताना समोर समुद्रात बास रॉक दिसतो, गॅनेट पक्ष्यांनी पांढराफटक झालेला. वारा, वाळू, समुद्र, सगळं आहे आणि संध्याकाळी जेवायला मुलीकडे परत.

पहिलाच लिंक्स असेल तर त्यासाठी सव्वातीनशे किलोमीटरवर जायची गरज नाही. आणखी खेळायचं असेल तर शेजारी गलनला एका जागी तीन मैदानं आहेत. लेकीला भेटायला चालला आहात, तिच्यासोबतचे दिवस कमी करू नका, हे माझं कळकळीचं सांगणं.

अक्कलकोट_ते_अ‍ॅबर्डीन

येरवडाकरांनी नॉर्थ बेरिकबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे. ते मैदान मलाही फार प्रिय आहे. पण डॉर्नॉकला मी मुक्काम करून खेळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर: एका रात्रीसाठी जाणार असाल तर जाऊ नका. दोन रात्री राहणार असाल तर नक्की जा.

कारण सांगतो. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतीची जमीन यांच्या मधला वाळूचा पट्टा. पाऊस पडला की पाणी खाली झिरपून जातं, वर फेस्क्यू जातीचं बारीक, चिवट गवत, आणि जमीन टणक. पुण्यात पाणी पाजून मऊ ठेवलेल्या ग्रीनवर चेंडू उंचावरून पडतो आणि जागीच बसतो. इथे तो पडल्यावर पळतो. त्यामुळे चेंडू कुठे पडणार यापेक्षा पडल्यावर कुठे जाणार याचा विचार करावा लागतो. पहिल्या राउंडला हात जुनीच सवय सोडत नाहीत. आपण ग्रीनवर नेम धरतो, चेंडू मागच्या उतारावरून खाली जातो आणि माणूस अठरा होल नुसता चकित होत फिरतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस ग्रीनच्या वीस यार्ड अलीकडे चेंडू टाकायला लागतो, आणि तेव्हा कुठे त्या जमिनीशी ओळख होते. नॉर्थ बेरिकलाही हेच लागू आहे, पण तिथे दुसऱ्यांदा जायला अर्धा तास लागतो. डॉर्नॉकहून एकच राउंड खेळून परतलात तर मनात फक्त प्रश्न राहतील.

आता डॉर्नॉकचं वेगळेपण. तिथली ग्रीन बशी पालथी घातल्यासारखी आहेत, मध्ये उंच आणि कडांना घसरती. दुसरा होल छोटा, पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा. चेंडू ग्रीनवर थांबला तर ठीक, नाहीतर बाजूला खाली उतरतो आणि तिथून वर चढवण्याचा फटका टीवरच्या, म्हणजे सुरुवातीच्या फटक्यापेक्षा अवघड. मैदानं आखणारा डोनाल्ड रॉस याच गावात १८७२ मध्ये जन्मला, इथेच मैदानाची देखभाल करायचा, १८९९ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथे पाइनहर्स्ट नंबर टू हे मैदान उभं केलं. अमेरिकेतल्या नावाजलेल्या मैदानांवर दिसणारी ही उंचावलेली ग्रीन मुळात कुठली, ते डॉर्नॉकला पायाने चालताना कळतं. मैदानाची जुनी आखणी ओल्ड टॉम मॉरिस या नामांकित गोल्फपटूची. गावात गोल्फ खेळल्याची नोंद मात्र १६१६ पर्यंत मागे जाते.

चौदाव्या होलचं नाव फॉक्सी. एकही बंकर नाही. लांबलचक पार चार, आणि ग्रीन उजवीकडे उंचवट्यावर आडवं बसवलेलं. फक्त जमिनीच्या चढउतारांनी केलेला इतका अवघड होल मी दुसरा पाहिलेला नाही. मला विचाराल तर सगळा प्रवास या एका होलसाठी करावा.

मैदानाची रचनाही समजून घ्या. सुरुवातीचे होल गावापासून लांब जातात, नवव्यापासून समुद्राकाठाने परत. म्हणजे जाताना वारा पाठीत असेल तर येताना तोंडावर. रात्रीत वाऱ्याने दिशा बदलली की दुसऱ्या दिवशी तेच मैदान पार उलटं होतं. दोन रात्री म्हणालो त्याचं हेही कारण.

आणि लांब असण्याबद्दल. ओपन ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा तिथे कधीच झाली नाही, ती एवढ्या उत्तरेला नेणं शक्य नव्हतं. हौशी खेळाडूंची ब्रिटिश अमॅच्युअर मात्र १९८५ ला झाली. गावाची रेल्वे १९६० मध्ये बंद पडली. डॉर्नॉक फर्थवरचा पूल १९९१ चा, त्याआधी खाडीला वळसा घालून जावं लागायचं. मैदानाचा आणि गावाचा तोल टिकला तो या लांबपणामुळे, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या गर्दीसाठी तिथे फारसं काही बदलावं लागलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: २० हँडीकॅपला झेपेल, पुढच्या टीवरून खेळा. पहिल्या काही होलना बाजूच्या उतारावर गॉर्सची काटेरी झुडपं आहेत, त्यात गेलेला चेंडू शोधत बसू नका. बाकी तुमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात तापलेल्या मुरमाच्या मैदानावर क्रिकेट खेळलेल्या सोलापूरकराला टणक जमिनीवरचा टप्पा शिकवावा लागत नाही.

येरवडा_अठरा

फॉक्सीबद्दल वाचून मलाही जावंसं वाटलं, हे मान्य. तरी पैशाचं बघा. डॉर्नॉकचा एक राउंड, दोन रात्रींचं हॉटेल, भाड्याची गाडी. तेवढ्यात एडिनबर्गच्या आसपास कितीतरी खेळून होईल.

अक्कलकोट_ते_अ‍ॅबर्डीन

खर्चाचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर उपाय आहे. मुख्य मैदानावर एकच राउंड घ्या आणि दुसऱ्या दिवशी ब्रोरा गावचं मैदान. डॉर्नॉकहून उत्तरेला गाडीने अर्ध्या तासाच्या आत. फी डॉर्नॉकच्या मानाने बरीच कमी. जेम्स ब्रेड या नामांकित गोल्फपटूने १९२३ मध्ये आखलेलं मैदान आहे, आणि त्याचे चार पार-तीन होल चार दिशांना तोंड करून आहेत, म्हणजे वारा कुठूनही असो, चारही बाजूंनी परीक्षा. गावकऱ्यांची मेंढरं आणि गुरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत होती, म्हणून ग्रीनभोवती विजेच्या तारेचं कुंपण असायचं. ज्याला चेंडू जमिनीवरून पळवायला शिकायचंय त्याने ब्रोरा चुकवू नये. माझ्या मते डॉर्नॉकपर्यंतचा प्रवास सत्कारणी लागतो तो ब्रोरासकट.

जूनमध्ये तिथे रात्री दहानंतरही उजेड असतो. दुपारी जेवून, झोपून, मग सहाला टीवर उभं राहिलात तरी अठरा होल आरामात होतात.

याच्याही पुढे जायची हौस असलेल्यांसाठी साउथ उइस्ट बेटावरचं अ‍ॅस्कर्निश आहे. ओल्ड टॉमने १८९१ मध्ये आखलेलं, पुढे गवतात हरवलेलं आणि २००८ मध्ये पुन्हा सुरू झालेलं. पण तिथली बोट वाऱ्यामुळे रद्द होते. मोजक्या दिवसांच्या सहलीत ते बसवू नका.

सात_रस्ता_ताई

मी गोल्फ खेळत नाही. आमचे हे खेळतात, त्यामुळे वहिनींच्या बाजूने मी लिहिते.

डॉर्नॉक गाव छोटं आहे, पण दिवस रिकामा जात नाही. मधोमध तेराव्या शतकातलं कॅथेड्रल आहे, गुलाबी-पिवळसर दगडाचं, आत बसायला फार शांत वाटतं. समोरच जुना वाडा आहे, त्यात आता हॉटेल चालतं. मैदानाला लागून लांबच लांब वाळूचा किनारा, तिथे खेळणारे आणि नुसते फिरणारे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असतात. मला ते फार आवडलं, कारण यांची वाट बघत खोलीत बसावं लागलं नाही. गावात चेटकीण ठरवून जाळलेल्या जॅनेट हॉर्न या बाईच्या आठवणीचा दगड आहे. ब्रिटनमधली तशी शेवटची शिक्षा तीच. तो दगड बघून मला फार वाईट वाटलं, पण बघावा जरूर.

ब्रोराला जायच्या दिवशी वाटेत गोल्स्पीजवळ डनरॉबिन किल्ला लागतो. वहिनींना तिथे उतरवा. समुद्राकडे उतरत गेलेली बाग आहे आणि शिकारी पक्ष्यांचे खेळही दाखवतात. दोन-तीन तास सहज जातात. किल्ल्याच्या अलीकडे लॉक फ्लीटच्या खाडीत वाळूवर पहुडलेले सील दिसतात, गाडी थांबवून बघा.

गरम कपडे मात्र जून म्हणून कमी घेऊ नका. वारा अंगात शिरतो. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यातून निघालेल्या माणसाला तिथला जून म्हणजे थंडीच.

बार्शीकर_डॉक्टर

एक वैद्यकीय सूचना, वयाचा अंदाज घेऊन. तिथे गोल्फ गाड्या फार कमी, बहुतेक लोक चालतातच. चढउतार, वारा आणि अठरा होल म्हणजे चार-साडेचार तास पायावर. गुडघे कुरकुरत असतील तर आत्तापासून रोज सकाळी तलावाभोवती फेऱ्या वाढवत न्या. बॅग खांद्यावर घेऊ नका, ढकलायची ट्रॉली घ्या.

जुळे_सोलापूरकर

मंडळी, मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिणं सौ.ना मोठ्याने वाचून दाखवलं. किल्ला आणि सील ऐकून त्या माझ्याआधी तयार झाल्या.

दोन शंका आहेत. कॅडी, म्हणजे बॅग उचलून सल्ला देणारा, मिळतो का? पुण्यात कॅडीशिवाय कधी खेळलेलो नाही, आणि अनोळखी जमिनीवर कुणी सांगणारं असावं असं वाटतं. दुसरं, गाडी मी चालवावी का?

अक्कलकोट_ते_अ‍ॅबर्डीन

कॅडी डॉर्नॉकला मिळतो, पण राउंड ठरवतानाच कळवून ठेवावं लागतं. पहिल्या राउंडला घ्याच. ग्रीनच्या अलीकडे नेमका कुठला उंचवटा धरायचा हे तो सांगेल, आणि तेच शिक्षण तुम्हाला ब्रोराला कामी येईल. हँडीकॅपचा दाखला क्लबकडून घेऊन सोबत ठेवा. जूनच्या वेळा लवकर भरतात, व्हिसाच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच मेल टाका.

गाडी जरूर चालवा. डावीकडूनच चालवायचं असल्यामुळे त्रास नाही, आणि पाहुणे म्हणून आलेल्यांना आपलं भारतीय लायसन्स वर्षभर चालतं. एडिनबर्ग ते इन्व्हर्नेस रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास, डोंगरातून जाणारा सुंदर रस्ता आहे. तिथून पुढे गाडी भाड्याने घेतलीत तर शीण कमी.

आत्तापासून एक सराव करा. सात नंबरचा आयर्न (लोखंडी काठी) घ्या, अर्धा-पाऊण स्विंग, चेंडू खाली ठेवून पळवायचा. आणि ग्रीनच्या बाहेरून पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी) वापरायचा संकोच सोडा, तिथले लोक सर्रास वापरतात. खोल बंकरमध्ये अडकलात तर समोर मारायचा हट्ट न धरता बाजूला किंवा मागे काढा.

येरवडा_अठरा

मग माझी एक विनंती ऐका. नॉर्थ बेरिक वगळू नका, तेच आधी करा. पोहोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलीला घेऊन जा. टणक जमिनीची पहिली ओळख तिथे झाली की डॉर्नॉकचे दोन्ही दिवस अधिक पदरात पडतील.

जुळे_सोलापूरकर

हे पटलं. असं ठरवलंय: आधी नॉर्थ बेरिक, मग चौथ्या-पाचव्या दिवशी रेल्वेने इन्व्हर्नेस आणि डॉर्नॉकला दोन रात्री. पहिल्या दिवशी कॅडी घेऊन मुख्य मैदान, दुसऱ्या दिवशी सौ. किल्ल्यात आणि मी ब्रोराला. मुलीला शनिवार-रविवार सुट्टी असते, तीही येते म्हणाली. क्लबला मेल आजच टाकतो.

एकच विचारायचं राहिलं. आम्ही शाकाहारी आहोत. इथून काय न्यावं?

सात_रस्ता_ताई

शेंगा चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त न्या, नीट बंद करून. तूप, पेढे, खवा काही नेऊ नका, ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. इन्व्हर्नेसला गाडी घेतल्यावर तिथल्याच मोठ्या दुकानात दही, फळं आणि ब्रेड भरून घ्या. डॉर्नॉकमध्ये संध्याकाळी हॉटेलांची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, उशिरा खेळायचं असेल त्या दिवशी जेवण आधीच सांगून ठेवा.