मालिकेतला चेहरा बदलला तेव्हा तुमच्या घरी काय झालं?

पाणीपुरवठा

काल आत्याकडे गेले होते. ती मोबाइलवर 'माझ्या नवऱ्याची बायको'चे जुने भाग बघत बसली होती आणि मला एकदम आजी आठवली.

आजी त्यातल्या शनायाला, म्हणजे नवऱ्याच्या त्या प्रेयसीला, रोज शिव्या घालायची. अगदी नेमाने. जेवण झालं की पाट सरकवून टीव्हीसमोर बसायची आणि शनाया झालेली रसिका सुनील दिसली रे दिसली की सुरू. बायको राधिकावर तिचा फार जीव, त्यामुळे नवरा गुरूलाही प्रसाद मिळायचा, पण मुख्य नैवेद्य शनायालाच. मग 2018 मध्ये रसिका गेली आणि ईशा केसकर आली. म्हणजे 'जय मल्हार'मधली बानू! आमचं कुलदैवत जेजुरीचं. आजीने ती मालिका हात जोडून बघितलेली. आता खंडोबाच्या बायकोला शिव्या घालायच्या कशा? बिचारी गप्प बसायला लागली. मध्येच म्हणायची, "बानाई, तुला हे शोभतं का गं?"

2020 मध्ये रसिका परत आली त्या रात्री आजी म्हणाली, "आली बया एकदाची." आणि जोरात सुरू झाली. घराला घरपण आलं.

तुमच्याकडचे किस्से लिहा. कलाकार बदलला, कथा भरकटली, काहीही चालेल.

खमंग_चिवडा

हाहाहाहा बानाई तुला हे शोभतं का 😂😂 आमच्या सासऱ्यांनी 'डॉक्टर डॉन' पाच मिनिटांत बंद करायला लावली होती. का तर देवदत्त नागे, 'जय मल्हार'मधला खंडोबा. "मल्हारी मार्तंड गुंड झालेला मला बघवत नाही."

रंकाळा_रिटर्न्स

तुझ्यात जीव रंगला. धनश्री काडगांवकर गेली, माधुरी पवार आली, 2020 ची गोष्ट. नवी वहिनीसाहेब वाईट नव्हती पण धनश्रीचं नुसतं बघणं होतं ना, त्याला तोड न्हाई.

खरं सांगू का, आम्हा कोल्हापूरकरांचं दुखणं वेगळंच हाय. ते "चालतंय की" राणादानं इतकं गाजवलं की पुण्यामुंबईचे पाहुणे आले की पहिलं तेच म्हणून दाखवायचे. आणि वसगड्याला मालिकेतला वाडा बघायला न्या म्हणून हट्ट. पेट्रोल आमचं.

माडाची_सावली

पाहुण्यांबद्दल आम्ही बोलूचा. 'रात्रीस खेळ चाले'तलो आकेरीचो वाडो बघूक येवचे, आणि येणारो पयलो प्रश्न, "शेवंता कुठे राहायची?" अरे बाबा ती मालिका!

माका तिसऱ्या भागातली नवी शेवंता पटलीच नाय. कृतिका तुळसकर अभिनय चांगला करता, तिचो काय दोष? पण अपूर्वा नेमळेकरची शेवंता आमच्या घरात मुक्कामाक होती. अण्णांचे माधव अभ्यंकर तेच आणि समोर ही. आवशीन दोन भाग बघल्यान नि उठान भांडी घासूक गेली.

शुक्रतारा_

मी सांगते कथा भरकटल्याचा किस्सा. 2018, माझं लग्नाचं बघणं सुरू होतं आणि 'तुला पाहते रे' जोरात. आईला विक्रांत सरंजामे म्हणजे जावयाचा नमुना. समंजस, शांत, पैसेवाला, आणि सुबोध भावे! येणाऱ्या प्रत्येक स्थळाला ती याच मापाने मोजायची. एक मुलगा तर फक्त पाणी पिताना आवाज केला म्हणून बाद. वयातलं अंतर हा मुद्दाच नाही, "वीस वर्षांचं असलं तरी काय, माणूस बघावा."

मग कळलं की विक्रांतनेच पहिल्या बायकोला, राजनंदिनीला मारलं आणि नायिका ईशा म्हणजे तिचा पुनर्जन्म. आईने दोन दिवस विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी वधूवर सूचक मंडळाच्या बाईंना फोन: "स्थळ पाठवण्याआधी पूर्ण चौकशी करत जा हो. पहिलं लग्न झालंय का तेही विचारा."

माझं मत, तो ट्रॅक फसला. प्रेमकथा म्हणून आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पण राजनंदिनी म्हणून शिल्पा तुळसकर आली तेव्हा मालिका पुन्हा बघावीशी वाटली हेही खरं.

पाणीपुरवठा

@शुक्रतारा_ मग लग्न झालं का नाही? 😄

शुक्रतारा_

झालं. पाणी पिणाऱ्याशीच.

घोडबंदर_गॅझेट

आमच्या सोसायटीमागच्या बंगल्यात शूटिंग चालतं, त्यामुळे मी जरा त्यांच्या बाजूने बोलतो. सकाळी सातला गाड्या लागतात, रात्री नऊलाही दिवे चालू. आठवड्यात सहा भाग द्यायचे असतात. भागांची बँक नसली की आज शूट केलेलं दोन दिवसांत दिसतं. अशात नायिकेला ताप आला की लेखकाने रात्रीतून तिला माहेरी पाठवायचं. गुरुवारी टीआरपी आला की पुन्हा सगळं उलटंपालटं. कलाकार सोडून जातात याचं मला नवल नाही, टिकतात याचं आहे.

2020 चं आठवतं का? शूटिंग पुन्हा सुरू झालं पण 65 वर्षांवरच्यांना सेटवर बंदी. सगळ्या मालिकांतले आजी-आजोबा एकदम कुठे गावाला गेले ते मग कळलं. पुढे ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

वरणफळं

हो!! आमच्या आजोबांनी तेव्हाच म्हटलं होतं, "म्हातारी माणसं फक्त बातम्यांत उरली."

निवांत_नाहीच

आई कुठे काय करते मधली संजना बदलली हे मला कळलंच नव्हतं 🙈 लॉकडाऊनमध्ये मालिका बंद, परत आली तर रुपाली भोसले. मला वाटलं हिने केस बदलले. बहीण म्हणाली अगं आधी दीपाली पानसरे होती. डबा भरता भरता बघितलं की असं होतं

कोऱ्या_पाटीवर

याच मालिकेबद्दल लिहायचं होतं. माझा घटस्फोट झालेला. दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं की आई उठून आत जायची. 2023 मध्ये मालिकेतल्या घटस्फोटित अरुंधतीचं आशुतोषशी लग्न लागलं. घरात कुणी काही बोललं नाही, पण त्या आठवड्यात आईने पहिल्यांदा विचारलं, "त्या तुझ्या ऑफिसमधल्याचं आडनाव काय?"

मालिकेत पुढे किती पाणी घातलं ते माहीत आहे, तिचा पहिला नवरा अनिरुद्ध तर शेवटी शेवटी असह्य. पण अरुंधती झालेल्या मधुराणीला माझ्याकडून सगळं माफ.

2024 मध्ये लेखकांनी आशुतोषला अपघातात मारलं. आईचा रात्री साडेआठला फोन, "हे गाडी हळू चालवतात ना?"

माडाची_सावली

❤️ आवशी सगळ्यांच्यो एकच.

खमंग_चिवडा

पाणी घालण्यावरून, जान्हवीचं बाळंतपण विसरलात का? होणार सून मी ह्या घरची. माझ्या नणंदेला त्या काळात दिवस राहिले, बाळ झालं, बारसं झालं, बाळ पालथं पडायला लागलं. जान्हवी आपली सहा सासवांकडून लाड करून घेत्येच आहे.

रंकाळा_रिटर्न्स

हत्तीण होती ती

नळबाजार_ते_नवी_मुंबई

विषयाला सोडून विचारतो. आई रिकाम्या दुपारी दूरदर्शनवर एक मालिका बघायची, नायिका पत्रकार. शाळेतून आलो की ती सुरू असायची. नाव?

वरणफळं

दामिनी! प्रतीक्षा लोणकर. रोज लागणाऱ्या मराठी मालिका तिथूनच सुरू झाल्या म्हणतात. त्याआधी दुपारी मंदिरा बेदीची 'शांती', 1994.

नळबाजार_ते_नवी_मुंबई

धन्यवाद! आईला आत्ताच पाठवलं. ती म्हणते अवंतिका आणि आभाळमायेचंही लिही, सुकन्या कुलकर्णीची सुधा दुसऱ्या कुणी केली असती तर टीव्ही विकला असता.

निवांत_नाहीच

ठरलं तर मग बघणारे आहेत का इथे? त्यातल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर वारल्या तेव्हा, 2025 च्या ऑगस्टमध्ये, सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. पूर्णा आजी त्यांच्याच वयाची. कंत्राट संपलं, भांडण झालं म्हणून माणूस बदललं तर राग तरी काढता येतो.

पाणीपुरवठा

खरंय गं. 🙏

घोडबंदर_गॅझेट

'प्रेमाची गोष्ट'वर कुणीच कसं बोललं नाही? नायिका मुक्ताच्या भूमिकेतून तेजश्री प्रधान गेली, स्वरदा ठिगळे आली, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन गट पडले होते. लिफ्टच्या देखभालीच्या चर्चेतसुद्धा मुक्ता.

शुक्रतारा_

मी तेजश्री गट. स्वरदाला कमी लेखत नाही, पण मुक्ता रागावली की आधी तेजश्रीचा आवाज कानात यायचा.

वरणफळं

स्वरदा गट. एकटीच आहे वाटतं 😒 निम्म्या गाडीत चढणाऱ्याला जागा कुणी देत नाही, तरी तिने उभं राहून प्रवास पूर्ण केला.

खमंग_चिवडा

एकटी नाहीस, मीपण. बरं लिफ्टचं काय ठरलं? आमचीही बंद आहे, एएमसी (वर्षाचं देखभाल कंत्राट) कुणाला दिलीत?

घोडबंदर_गॅझेट

व्यनि (खासगी निरोप) करतो.