प्रत्येक मुलाला वेगळा अभ्यास : खरंच जमतं का, की नुसता टॅब हातात द्यायचा?

खडूवाली
अठरा वर्षं गणित शिकवतेय. यंदा आमच्या शाळेत पर्सनलाइज्ड लर्निंग आलंय, म्हणजे आठवड्यातून तीन तास मुलं टॅब घेऊन बसणार, अ‍ॅप ज्याला त्याला त्याच्या लेव्हलची गणितं देणार आणि मी चार्जिंग संपलेले टॅब बदलत फिरणार. परवा एका मुलाच्या मागे उभी राहून बघत होते. ५२ वजा ३८, त्याने टाकलं २६. लाल फुली. ७१ वजा ४५, उत्तर ३४. परत फुली. मग अ‍ॅपने काय केलं, तर लेव्हल उतरवली आणि ४८ वजा २३ असली गणितं दिली, ती सगळी बरोबर आली (येणारच, त्यात हातचा आहेच कुठे?) आणि स्क्रीनवर फुगे उडाले. पोरगं खूश. अहो पण तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, वरचा कुठला खालचा कुठला बघतच नाही! वहीत हे मला दुसऱ्या गणितालाच कळलं असतं. माझं मत स्पष्ट आहे, याने फक्त वेग ज्याचा त्याचा होतो, शिकवणं नाही. बोला.

शेवटचा_बाक
असहमत. वहीत कळलं असतं हे खरं, पण वर्गात ४५ मुलं असली तर रोज ४५ वह्या कोण बघतं? मी शेवटच्या बाकावर वर्षानुवर्षं बसलोय, माझी वही फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी बघितली जायची आणि तीही सहीपुरती. आणि तुम्ही सांगितलेली चूक मशीनला ओळखता येत नाही असं अजिबात नाही. ब्राऊन आणि बर्टन यांनी १९७८ साली नेमक्या अशाच वजाबाकीच्या चुकांवर पेपर लिहिला, त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव बग्गी. त्यांचं म्हणणं असं की मुलं ठोकून देत नाहीत, एखादा चुकीचा नियम इमानदारीत पाळतात आणि तो नियम शोधून काढता येतो. तुमच्या शाळेने फालतू अ‍ॅप घेतलं म्हणून कल्पनाच फालतू कशी?

खडूवाली
बग्गीचं माहितीये, तो होणाऱ्या शिक्षकांना मुलांच्या चुका ओळखायला शिकवण्यासाठी वापरला होता. शिक्षकाच्या जागी बसवायला नाही! हा फरक लक्षात घ्या ना.

जुनंखोड
मला राग येतो तो हे सगळं 'नवीन' म्हणून विकतात त्याचा. प्रेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात प्रश्न विचारणारं मशीन बनवलं होतं, १९५० च्या दशकात स्किनरने, १९६८ मध्ये केलरची पद्धत आली, छोटे छोटे भाग करायचे, एक पक्का जमल्याशिवाय पुढचा नाही, ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. अडचण काय झाली? आपल्या चालीने म्हटल्यावर बरेच जण उद्या करू, परवा करू करत मागे पडले. टॅब आला म्हणून मुलांचा स्वभाव बदलतो होय?

दोन_मुलांची_आई
आमच्या अ‍ॅपने मोठीला 'व्हिज्युअल लर्नर' (म्हणजे चित्रं बघून शिकणारी) ठरवलंय. आता धडा वाच म्हटलं की म्हणते, मी व्हिज्युअल आहे 😀

शेवटचा_बाक
@दोन_मुलांची_आई ते लेबल आधी काढून टाका. २००८ मध्ये पॅशलर वगैरे मंडळींनी सगळा अभ्यास चाळून सांगितलंय की शिकण्याच्या स्टाइलप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला धड पुरावा नाही. इथे मी खडूवालींच्या बाजूने.

@जुनंखोड पण वर्ग पुस्तकाच्या वेगाने पळतो आणि मुलं मागे राहतात, त्याचं काय? दिल्लीतल्या एका प्रयोगाचा पेपर २०१९ मध्ये आला, त्यात सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच वर्षं मागे होती. म्हणजे पुढे जे चाललंय ते त्यांच्या डोक्यावरून जात होतं. सॉफ्टवेअरने त्यांना ती जिथे होती तिथून धरलं आणि साडेचार महिन्यांत चांगला फरक पडला.

खडूवाली
पूर्ण सांगा की! तिथे ४५ मिनिटं सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात माणूस शिकवत होता. हे दुसरं बजेटमध्ये कधीच नसतं.

दुपारची_सुट्टी
आतापर्यंत वाचतच होतो, पण भांडण भलत्याच जागी चाललंय असं वाटतं. सगळे ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाचा १९८४ चा पेपर नाचवतात, एकास एक शिकवणी दिली की सरासरी मुलगा वर्गातल्या ९८ टक्क्यांच्या पुढे जातो वगैरे. व्हॅनलेन या संशोधकाने २०११ मध्ये बरेच प्रयोग एकत्र करून बघितले तर माणसाच्या शिकवणीचा परिणाम तेवढा निघाला नाही, ०.७९ निघाला (ब्लूमचा २ होता; हा आकडा म्हणजे शिकवणी न मिळालेल्या मुलांपेक्षा ही किती पुढे गेली त्याचं माप, जितका मोठा तितका फरक जास्त). मजा पुढे आहे. मुलाची एकेक पायरी बघणाऱ्या सॉफ्टवेअरचा ०.७६, म्हणजे माणसाच्या जवळपास. आणि नुसतं शेवटचं उत्तर तपासणाऱ्याचा ०.३१. त्यामुळे माणूस की मशीन यापेक्षा, पायरी बघतंय का कुणी, हे विचारा. न बघणारा माणूसही ०.३१ वालाच समजा.

शेवटचा_बाक
+१. माझ्या वहीवरची सही आठवली.

जुनंखोड
आकडे ठीक, पण प्रत्येक जण वेगळ्या पानावर असला तर वर्ग कशाला म्हणायचा? एकाने फळ्यावर चुकायचं आणि दुसऱ्याने "अरे असं कसं" म्हणून उठायचं, यात दोघं शिकतात. हेडफोन लावून ते होत नाही.

खडूवाली
@दुपारची_सुट्टी हे पटलं, आणि थोडं लागलंही. आज त्या मुलाला काड्यांचे गठ्ठे दिले, पाच गठ्ठे दोन सुट्ट्या, यातून ३८ दे म्हटलं. आठ सुट्ट्या मागितल्यावर गप्प बसला, मग स्वतःच एक गठ्ठा सोडला. सात मिनिटं लागली. बाकीचा वर्ग तेवढा वेळ टॅबवर होता म्हणून मला ती मिळाली, हेही कबूल करते.

शेवटचा_बाक
बघा! आता एक करा, अ‍ॅपच्या डॅशबोर्डवर (शिक्षकांना मुलांचे निकाल दिसतात ते पान) त्या मुलाच्या नावावर टॅप केलं की त्याने टाकलेलं २६ दिसतं का?

खडूवाली
आत्ताच बघितलं. नुसतं चूक-बरोबर दिसतं. आणि एकूण ७८ टक्के, हिरव्या रंगात.