मुली वर्गात दिसतात, पण गोष्ट कुणाची?

दांडियाबाजार : काल येथे कुणीतरी लिहिले की, १९९८ साली झी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘हिप हिप हुर्रे’ने मुलामुलींना एका वर्गात बरोबरीने दाखवले, तेव्हा शालेय मालिकांतील स्त्री-पुरुष भेदाची तक्रार आता पुरे झाली. हे वाचून राहवले नाही. वर्गात मुली किती दिसतात, यावरून काहीच ठरत नाही. गोष्ट कुणाच्या निर्णयाने पुढे सरकते, ते पाहावे लागते. अशा मालिकांत मुलगा नापास झाला की त्याच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहतो, आणि अभ्यासू मुलीचा चष्मा उतरवून केस मोकळे सोडले की तिची गोष्ट संपते. ती पुढे काय शिकली, याची चौकशी कुणी करत नाही.

रावपुरेकर : ते लिहिणारा मीच. त्या मालिकेचे दिग्दर्शन नूपुर अस्थाना या स्त्रीने केले होते, एवढे तरी आपण लक्षात घ्यायला हवे होते. शिवाय मुलग्यांचे काय? माझा मुलगा सुरेख रांगोळी काढतो. शाळेत तो रंग भरत असताना मागून ‘ताई’ अशी हाक आली आणि त्याची चिमूट तशीच थबकली, हे मी दारातून पाहिले आहे. असा मुलगा मालिकेत येतो तो केवळ हशा पिकवण्यापुरता. आपल्या हिशेबात त्याला जागा कुठे आहे? आणि सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मुलींनाही सक्तीचे केले, त्या बडोद्याला समानतेचे धडे देण्याची गरज नाही.

बाबाजीपुरा : महाराजांचे नाव निघाले की वाद मिटला असे आपल्याकडे समजतात, याचाच मला संताप येतो. त्याच कायद्यात मुलींसाठीची सक्तीची वयोमर्यादा मुलांपेक्षा कमी होती. मुलीला शाळेत आणले, पण लवकर घरी नेण्याची मुभाही ठेवली.

रावपुरेकर : हा महाराजांवर सरळसरळ अन्याय आहे! ब्रिटिश मुलखात गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयकसुद्धा मंजूर झाले नाही. पुण्यात १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी सयाजीराव महाराजांच्या पत्नी, आपल्या चिमणाबाई महाराणी होत्या. घरच्या माणसांचे मोठेपण मान्य करायला आपल्याला एवढे जड का जाते?

बाबाजीपुरा : त्या काळाच्या मानाने ते पाऊल मोठे होते, हे नाइलाजाने का होईना, मान्य करते. पण त्याच चिमणाबाईंच्या गावात, माझ्या मुलीच्या शाळेत पाहुणे आले, तेव्हा नववीच्या मुलींना हळदी-कुंकवाची तबके देऊन फाटकाशी उभे केले आणि विज्ञानाचे प्रयोग समजावून सांगायला मुलगे नेमले. त्यातल्या एका प्रयोगाच्या तारा माझ्या मुलीने जोडल्या होत्या. घरी येऊन तिने मला विचारले, ‘आई, स्वागताला मुलगे का नसतात?’ यावर १९०६ चा कायदा काय उत्तर देणार?

दांडियाबाजार : कायद्यावरून मालिकेवर यावे, ही विनंती. रावपुरेकरांचा रांगोळीचा मुद्दा मला मान्य करावा लागेल, परंतु तो माझ्याच बाजूचा आहे. त्या मुलाला हसणारी पोरे मुलींचे म्हणून जे काम ठरले आहे, त्यालाच कमी लेखत असतात, आणि पटकथा लिहिणारा त्या हसण्यात सामील होतो. दिग्दर्शन स्त्रीकडे होते, हे चांगलेच झाले. पण एका मालिकेच्या पुण्याईवर बाकी सगळ्यांना माफी कशी द्यायची?

रावपुरेकर : बाकीच्यांना माफी द्या, असे मी म्हणत नाही; ‘तक्रार आता पुरे झाली’ एवढे वाक्य मागे घेतो. ‘हिप हिप हुर्रे’विषयीचे माझे मत मात्र कायम आहे.