पिवळी वायर, स्वस्त डबा आणि गायब होणारा खेळाडू

रेषाळू (धागाकर्ता)

स्पष्टच लिहितो. जुना गेम कन्सोल आजच्या मॉनिटरला जोडायचा म्हटलं की 'एव्ही टू एचडीएमआय'चा (जुन्या टीव्हीचा सिग्नल मॉनिटरला चालेल असा करणारा) तो छोटा डबा सर्रास सुचवला जातो. तो लावण्यापेक्षा कन्सोल न जोडलेला बरा. चित्र धुरकट येतं ही तक्रार दुय्यम आहे. मूळ दुखणं असं की डबा कन्सोलचा सिग्नल ओळखण्यातच चुकतो.

एनटीएससी (अमेरिका-जपानकडच्या जुन्या पद्धतीच्या) टीव्हीचं चित्र ४८०आय असतं, म्हणजे ४८० रेषा दोन खेपांत. आधी विषम रेषा, मग सम रेषा, आणि प्रत्येक फील्डला, म्हणजे खेपेला, न दिसणाऱ्या धरून २६२.५ रेषा. त्या अर्ध्या रेषेमुळेच दुसरं फील्ड पहिल्याच्या फटींत जाऊन बसतं. एनईएस, सुपर निन्टेंडो, मेगा ड्राइव्ह हे कन्सोल ती अर्धी रेषा गाळतात आणि २६२ पाठवतात. मग प्रत्येक फ्रेम आधीच्याच जागी पडते आणि सेकंदाला सुमारे ६० पूर्ण चित्रं मिळतात. हेच ते २४०पी, म्हणजे दिसणाऱ्या २४० रेषा एकाच खेपेत. जुना टीव्ही निमूटपणे मिळेल ते काढायचा. डबा मात्र हे ४८०आयच आहे असं धरून चालतो आणि शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत विणतो.

याचा परिणाम खेळताना दिसतो. मार बसल्यावर खेळाडू लुकलुकतो, म्हणजे एका फ्रेमला काढलेला असतो, पुढच्या फ्रेमला नसतो. विणलेल्या चित्रात त्याच्या आडव्या पट्ट्या पट्ट्या होतात. निम्म्या फ्रेम टाकून देणाऱ्या डब्यावर तो एकतर सलग दिसतो, नाहीतर दिसतच नाही! वर या विणकामासाठी फ्रेम साठवावी लागते. एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद, आणि डबा एकीवर थांबेलच असं नाही.

माझं मत: कन्सोलमधून निघणारा सर्वांत चांगला सिग्नल घ्या आणि २४०पी ओळखणाऱ्या लाइन डबलरला (रेषा दुप्पट करणाऱ्या यंत्राला) द्या. ओएसएससी, रेट्रोटिंक, काहीही. ओएसएससी फ्रेम साठवतच नाही. आलेली रेषा तिथल्या तिथे दोनदा, तीनदा, पाचदा लिहून पुढे ढकलतो.

निवांत

विणकाम समजलं, निष्कर्ष पटला नाही. 'न जोडलेला बरा' हे जरा अतीच झालं. चाली आळीपाळीने खेळायच्या आरपीजीमध्ये दोन-तीन फ्रेम उशीर झाला तर कोणाचं काय अडतं? शत्रू माझी वाट बघत उभाच असतो. ज्याला आठवड्यातून एकदा जुनी कार्ट्रिज लावायची आहे त्याला लाइन डबलर, आरजीबी केबल (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नेणारी) आणि चार सेटिंग्जचा अभ्यास सांगितलात तर तो कन्सोल परत खोक्यात ठेवील. डबा लावा, मॉनिटरच्या मेनूत जाऊन चित्र १६:९ वरून ४:३ करा. माझ्या मते ताणून जाडे झालेले चेहरे हा लॅगपेक्षा (उशिरापेक्षा) मोठा गुन्हा आहे, आणि महागडे स्केलर (चित्र पडद्याएवढं मोठं करणारी यंत्रं) वापरणाऱ्यांच्या फोटोंतही तो सर्रास दिसतो.

काचपेटी

दोघेही चुकीच्या पडद्यावर भांडताय. हे खेळ सीआरटीसाठीच (काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीसाठीच) काढलेले आहेत. मेगा ड्राइव्हवरच्या 'सोनिक'मधला (१९९१) धबधबा बघा. खरी पारदर्शकता त्या यंत्राला जमत नाही, म्हणून उभ्या पट्ट्या एक सोडून एक काढल्या आहेत. कंपोझिटच्या (सगळं चित्र एकाच वायरीतून नेणाऱ्या) पिवळ्या वायरीत रंग एकमेकांत मिसळतात आणि पाण्यामागचं दृश्य झिरपल्यासारखं दिसतं. आरजीबी काढून लखलखीत स्केल केलंत की धबधब्याच्या जागी गज दिसतात. म्हणजे पदरमोड करून तुम्ही चित्रकाराचं काम पुसता.

शिवाय हालचाल. सीआरटीवर प्रत्येक बिंदू क्षणभर पेटून विझतो. एलसीडी अख्खी फ्रेमभर तेच चित्र धरून बसते, त्यामुळे पार्श्वभूमी सरकायला लागली की डोळ्यांना ती पुसट झालेली दिसते. त्यावर कुठल्याच डबलरकडे पुरता इलाज नाही.

रेषाळू

काचपेटी, धबधब्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्याच पिवळ्या वायरीत अक्षरांच्या कडेने रंगीत मुंग्या धावतात, त्याही चित्रकाराने काढलेल्या नव्हत्या. शिवाय कंपोझिट घेणारे डबलरही आहेत. धबधबा हवा असेल तर पिवळी वायर त्यांना द्या, विणकाम तरी टळेल. सीआरटी उत्तमच, पण नव्या बनत नाहीत. आहेत त्या जड, आणि आतला उच्च दाबाचा भाग दुरुस्त करणारा माणूस सापडणं त्याहून जड. धाग्याचा विषय 'टेबलावरच्या मॉनिटरचं काय करायचं' हा आहे.

निवांत, आरपीजीपुरतं सोडून देतो. उडी मारायच्या खेळांना मात्र तुमचा डबा लावू नका.

बिनवायर

एवढा खटाटोप कशासाठी? ज्या मॉनिटरला कन्सोल जोडायचा त्याला कॉम्प्युटर आधीच जोडलेला आहे. एम्युलेटर (कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाका. रेट्रोआर्क या प्रोग्रॅममध्ये 'रन अहेड' नावाची सोय आहे. बटण दाबल्यावर खेळ स्वतःच जी एक-दोन फ्रेम घेतो ती पुढचं आधी मोजून गिळून टाकते. म्हणजे बटणाचा प्रतिसाद मूळ यंत्रापेक्षाही लवकर मिळू शकतो. सीआरटीचा भास देणारे शेडर आहेत, काचपेटींचा धबधबाही वाहील.

ओएसएससीची दुसरी बाजूही लिहा ना. तो फ्रेम साठवत नाही, म्हणून कन्सोलचा वेग जसाच्या तसा मॉनिटरवर आदळतो. एनईएस ६० नव्हे, ६०.१ हर्ट्झच्या आसपास चालतो. वर त्याची आणि सुपर निन्टेंडोची एक रेषा फ्रेमआड किंचित आखूड असते. काही मॉनिटर एवढ्यावरून रुसतात आणि पडदा काळा करतात. पाल (युरोपकडच्या पद्धतीचा) कन्सोल असेल तर ५० हर्ट्झ, आणि तेही न घेणारे मॉनिटर पुष्कळ. पैसे घालून शेवटी 'आउट ऑफ रेंज' वाचायचं.

रेषाळू

हा मुद्दा रास्त आहे. असा मॉनिटर पदरी असेल तर फ्रेम साठवून वेग सुधारणारा स्केलर घ्यावा, थोडा लॅग पत्करून. पण एम्युलेटर हे 'कन्सोल कसा जोडू' याचं उत्तर नाही. कार्ट्रिज, पॅड, पॉवरचं बटण यांच्यासाठीच माणूस हा उद्योग करतो.

नवखी

मध्येच एक बाळबोध प्रश्न. माझ्या मॉनिटरला व्हीजीए आहे. सुपर निन्टेंडोमधून आरजीबी निघतो आणि व्हीजीएसुद्धा आरजीबीच. मग साधी केबल जोडून का भागत नाही?

रेषाळू

रंग तेच, चाल वेगळी. कन्सोल सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा पाठवतो. व्हीजीए मॉनिटरला किमान सुमारे ३१,५०० लागतात. रेषा दुप्पट केल्याशिवाय तो दाद देत नाही. ठळक अपवाद ड्रीमकास्ट या कन्सोलचा. त्यातून ४८०पी सरळ निघतो आणि बहुतेक खेळ व्हीजीएवर झकास चालतात. फक्त व्हीजीएतून आवाज जात नाही, त्याची वायर वेगळी.

आरजीबीची केबल घेताना स्कार्ट (आरजीबी नेणारा रुंद प्लग) युरोपियन आहे की जपानी ते तपासा. प्लग हुबेहूब एक, आतली जोडणी वेगळी.

निवांत

आणि हिचा मॉनिटर १०८० रेषांचा असेल तर २४० ने भाग जात नाही, साडेचार येतात. म्हणजे पिक्सेल कमीजास्त जाड, नाहीतर वर-खाली काळ्या पट्ट्या. तेव्हा लखलखीतपणाचा एवढा टेंभा नको.

काचपेटी

१६०० बाय १२०० चे जुने ४:३ एलसीडी मॉनिटर मिळाले तर सोडू नका. बरोबर पाचपट, बाजूला पट्टीही नाही. मी एलसीडीची शिफारस करतोय याची नोंद घ्यावी.

बिनवायर

घेतली. १४४० ला सहापट आणि ४के ला नऊपट बसतं, हेही लिहून ठेवा.

नवखी

एनईएससुद्धा आहे, बंदुकीसकट. त्यातून कोणता सिग्नल घेऊ? आणि बंदूक चालेल का?

रेषाळू

एनईएसची चित्र काढणारी चिपच थेट कंपोझिट बनवते. आत काही बदल न करता आरजीबी मिळणार नाही, एस-व्हिडिओही (उजेड आणि रंग वेगळे नेणारा सिग्नल) नाही. म्हणून तिथे पिवळी वायर आणि कंपोझिट घेणारा डबलर. ओएसएससी आरजीबी आणि कंपोनंटवाला (चित्र तीन वायरींतून घेणारा) आहे, त्याला नुसती पिवळी वायर चालत नाही.

बंदूक नाही चालणार. 'डक हंट' या बदकं टिपायच्या खेळात घोडा ओढला की खेळ पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो आणि त्याच फ्रेमला बंदुकीला उजेड दिसला का हे विचारतो. मॉनिटरवर तो उजेड उशिरा पोचतो, तोवर खेळाने नेम चुकला असं ठरवलेलं असतं.

काचपेटी

मग बदकांसाठी तरी एक सीआरटी ठेवा. छोटा चालेल.