बहुवर्षायू फुलझाडे लावली, पण दुसऱ्या वर्षी फुलेच आली नाहीत

प्रश्न

नमस्कार. दर हंगामात झेंडू, पिटुनिया आणि ॲस्टरची रोपे आणायची, दोन-तीन महिने फुले पाहायची आणि मग सारे उपटून वाफा मोकळा करायचा, हा क्रम बरीच वर्षे चालवल्यानंतर दोन वर्षांपूर्वी मी बहुवर्षायू फुलझाडांकडे वळले. घराच्या भिंतीलगत १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफा आहे. त्याच्या अर्ध्या भागावर सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत ऊन असते. उरलेला अर्धा भाग एका जुन्या झाडाच्या सावलीत जातो. माती काळी व चिकट असून जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस चिखल राहतो.

उन्हाच्या भागात मी शेवंती, निशिगंध, जरबेरा आणि एक्झोरा लावले. शेवंती भरपूर वाढली, परंतु तिला कळी धरली नाही. निशिगंधाला पहिल्या वर्षी सुंदर दांडे आले, दुसऱ्या वर्षी मात्र गवतासारखी पातीच दाट झाली. जरबेरा मध्यभागी कुजून गेला. एक्झोराची नवी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. खत मी सर्वांना सारखेच देते. माझे नेमके काय चुकले आणि या जागेत काय लावावे, हे कृपया सांगावे. घरी एक मांजर आहे आणि ते बागेत मोकळे फिरते.

प्रतिसाद १

ताई, चारही झाडांच्या तक्रारी वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे खताचे प्रमाण बदलून त्या सुटणार नाहीत. निशिगंध आणि जरबेरा यांच्याबद्दल मी अनुभवाने सांगू शकतो.

निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. दांडा देऊन झाला की त्याच्याभोवती लहान कंदांचा झुबका तयार होतो, आणि ते कंद पुरेसे मोठे होईपर्यंत फक्त पाती येतात. आपल्याकडे तेच घडले आहे. झाड बिघडलेले नाही. पाती पिवळी पडून सुकू लागली की सगळा झुबका खणून काढावा, कंद सुटे करावेत, साधारण २ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड कंद २० सेंटिमीटर अंतरावर पुन्हा लावावेत आणि लहान कंद वाढण्यासाठी वेगळ्या कुंडीत ठेवावेत. दर दोन-तीन वर्षांनी हे केले, तर निशिगंध वर्षानुवर्षे फुलत राहतो.

जरबेऱ्याची सर्व पाने ज्या मध्यबिंदूतून निघतात, तो गड्डा मातीच्या पातळीच्या किंचित वर राहायला हवा. तो पुरला गेला आणि त्यावर ओली चिकणमाती बसली की कूज ठरलेलीच. म्हणून नवी खरेदी करण्याआधी निचरा तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा, ते जिरले की पुन्हा भरा आणि दर तासाला पातळी मोजा. तासाला अडीच सेंटिमीटरहून कमी पाणी उतरत असेल, तर निचरा वाईट समजावा. माती भुसभुशीत करण्यासाठी थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो मान्य नाही, कारण चिकणमातीत थोडीशी वाळू घातल्याने ती विटेसारखी घट्ट बसते. कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत संपूर्ण वाफ्यात मिसळावे. केवळ झाडाच्या खड्ड्यापुरती माती बदलली, तर भोवतालचे पाणी त्या पोकळ खड्ड्यात येऊन साचते.

भारी जमीन सहन करणाऱ्यांपैकी कर्दळ आणि डे-लिली यांचा विचार करावा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मला पटतात. मात्र डे-लिली या बागेत अजिबात लावू नये. लिलियम वर्गातील खऱ्या लिली आणि डे-लिली या दोन्हींमुळे मांजरांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पान चावणे तर दूरच, अंगाला लागलेले परागकण चाटल्यानेही मांजराच्या जिवाला धोका पोहोचू शकतो. कण्हेरही टाळावी, कारण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. शेवंतीची पाने खाल्ल्यास मांजराला उलट्या होऊ शकतात, म्हणून तिच्यावरही लक्ष ठेवावे. लिलीइतका गंभीर धोका मात्र तिच्यात नाही.

आता शेवंतीविषयी. रात्री त्या वाफ्यावर एखाद्या दिव्याचा उजेड पडतो का? शेवंतीला कळी धरण्यासाठी रात्र लांब असावी लागते आणि ती अखंड अंधाराची असावी लागते. मध्येच उजेड पडला की झाडाच्या दृष्टीने रात्र तुटते आणि ते पानेच वाढवत राहते. फुले उशिरा हवी असतील तेव्हा व्यावसायिक बागाईतदार मध्यरात्री मुद्दाम दिवे लावतात, आणि लवकर हवी असतील तेव्हा रोपांवर संध्याकाळपासून काळे कापड घालतात. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. शिवाय शेंडे खुडणे (झाड दाट व्हावे म्हणून फांद्यांची कोवळी टोके तोडणे) वेळेवर थांबवावे लागते, कारण लांब रात्री सुरू झाल्यापासून फुले येईपर्यंत जातीनुसार साधारण ७ ते ११ आठवडे लागतात. उशिरा खुडलेल्या शेंड्याबरोबर कळीही जाते.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. जमिनीत लोह असतेच, परंतु माती अल्कधर्मी असेल तर एक्झोराला ते मुळांतून घेता येत नाही. भिंतीलगत हा दोष अधिक आढळतो, कारण सिमेंट आणि गिलाव्यातील चुना मातीत उतरत राहतो. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची, फवारणी केल्यास पाने काही काळ हिरवी होतात, पण मूळ कारण तसेच राहते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फाटकावरचा दिवा रात्रभर चालू असतो आणि त्याचा उजेड थेट शेवंतीवर पडतो. आपला प्रतिसाद वाचल्यावर आठवले की खांबाच्या आडोशाला असलेल्या एकाच रोपाला चार फुले आली होती, आणि त्या रोपाची माती वेगळी असावी असे मी समजत होते. खड्ड्याची चाचणीही केली. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाला जेमतेम एक सेंटिमीटर उतरले. सावलीच्या भागात काय लावावे आणि एक्झोरा वाचेल का, एवढे दोन प्रश्न उरले आहेत.

प्रतिसाद १

मांजराचा उल्लेख वाचूनही मी डे-लिली सुचवली, ही माझी गंभीर चूक होती, आणि ती वेळीच दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे. एक सेंटिमीटर फारच कमी आहे. उन्हाचा अर्धा भाग खत मिसळून १५ ते २० सेंटिमीटर उंच करावा, मात्र भिंतीपासून फूटभर जागा सोडावी, म्हणजे ओल भिंतीत मुरणार नाही. बुटक्या जातीच्या कर्दळीचे तीन कंद मागच्या बाजूला लावा. एखाद्या दांड्यावरचे सर्व तुरे संपले की तो बुडापासून कापावा, म्हणजे नव्या कोंबांना जागा मिळते. कर्दळ खादाड आहे; तिला जेवढे खत मानवते तेवढे शेजारच्या झाडांना दिल्यास त्यांची पाने वाढतील आणि फुले कमी होतील.

प्रतिसाद ३

सावलीच्या भागाबद्दल लिहिते. झाडाखाली सावलीइतकीच अडचण मुळांची असते, कारण मोठे झाड वरच्या थरातील पाणी आणि अन्न आधीच ओढून घेते. तेथे मातीचा भराव टाकू नये, त्याने झाडाच्या मुळांचा श्वास कोंडतो. जाड मुळे न तोडता त्यांच्यामधील मोकळ्या जागांत लहान रोपे लावावीत, वर दोन-तीन सेंटिमीटर कुजलेले खत पसरावे आणि पहिले वर्षभर पाणी नियमित द्यावे. नेफ्रोलेपिस नेचा आणि पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर प्लांट तेथे तग धरतात, आणि दोन्ही मांजराला सुरक्षित आहेत. ऊन आणि सावली जेथे मिळतात त्या कडेला अबोली लावावी. जमीन पटकन झाकते म्हणून पिवळ्या फुलांचा वेडेलिया कोणी देऊ केला, तर घेऊ नका. तो जगातील सर्वांत उपद्रवी आक्रमक वनस्पतींमध्ये गणला जातो आणि शेजारचे सारे गिळून टाकतो.

एक्झोरा वाचेल, पण त्या जागी नाही. तो मुळांच्या मातीसकट काढून मोठ्या कुंडीत, पानांच्या खतात आणि किंचित आम्लधर्मी मिश्रणात लावावा. मिश्रणाचा सामू (आम्लता दाखवणारा pH चा आकडा) ५ ते ६ च्या दरम्यान असावा.

शेवटी अंतराबद्दल. रोप आज केवढे आहे ते न पाहता, पूर्ण वाढल्यावर ते किती पसरेल, त्यानुसार जागा सोडा. पहिल्या वर्षी ही झाडे मुळे पसरवण्यात गुंतलेली असतात आणि वाफा ओकाबोका दिसतो. त्या मोकळ्या जागेत आपला नेहमीचा झेंडू खुशाल लावा. बहुवर्षायू झाडे भरत जातील तसतशी त्याची रोपे दरवर्षी कमी करता येतील. फाटकाचा दिवा बंद ठेवता येत नसेल, तर शेवंती त्या खांबामागेच हलवावी.